जायफळाच्या पानावरचे पाहुणे

चौल,
१२ जानेवारी २०२५

चि. सुचिता हिला चांगदेवकाकांचा आशीर्वाद.

आधी सगळ्यांची चौकशी करून घेतो, नाहीतर तुझी आई म्हणेल, भावोजी कामापुरतेच लिहितात. तिचे गुडघे कसे आहेत? पालीच्या वैद्यांनी दिलेलं तेल लावते, की बाटली देवाजवळ ठेवून नमस्कार करते? जावईबापूंचा खोकला थांबला का? मनवाच्या पुढच्या दातांची खिडकी बुजली का? आणि तू? दिवसभर त्या नळीत डोळा घालून बसतेस, चष्म्याचा नंबर अजून वाढवला नाहीस ना?

इकडे सगळं ठीक. साहिल उरणला बंदराच्या कामात गळ्यापर्यंत बुडालाय. तो आणि सूनबाई सोनल दिवाळीला येऊन गेले. दर रविवारी फोन करतो. मला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे. तो बोलतो, मी ‘बरं, बरं’ म्हणतो, दोघांचंही समाधान होतं. पत्राला कान लागत नाहीत, म्हणून तुला लिहायला बसलो.

कामाचं असं. सोबत वहीच्या पानांत दाबून जायफळाची पाच-सहा पानं पाठवतोय. विहिरीजवळचं जायफळ, तुझ्या मावशीने आमच्या लग्नानंतर लावलेलं. त्याच्या पानांवर पांढरट हिरव्या चकत्या उठल्यात, मसुराएवढ्या. चकतीवर खसखशीहून बारीक काळे टिपके. नखाने खरवडल्या तर निघतात आणि खाली पान हिरवंच असतं. सदूला दाखवलं. तो म्हणाला, “काका, हा रोग हाय. झाड तोडा, न्हायतर समद्या वाडीला लागंल.” सदू सुपारीवर माकडासारखा चढतो, पण झाडाच्या दुखण्यातलं त्याला किती कळतं ते मला माहीत नाही. तुला पानांवरच्या ठिपक्यांतलं कळतं असं तुझी मावशी सगळ्यांना सांगायची. म्हणून विचारतो. तोडू का?

बाकी दिवस जातो. सुपारी बरी आहे. उत्तर दे.

तुझा,
चांगदेवकाका

*

पुणे,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,
नमस्कार.

झाड तोडू नका. हा रोग नाही.

मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचा हा लांबचा भाऊ. दगडफूल दगडावर नाहीतर खोडावर राहतं, हा पानावर राहतो. त्यात दोघांचा संसार असतो. बुरशी घर बांधते आणि शेवाळ उन्हात स्वयंपाक करतं. पानाचं ते काही खात नाहीत, फक्त जागा वापरतात. ते काळे टिपके म्हणजे त्यांची फळं. पान गळलं की घर गेलं, त्यामुळे त्याच्या आत मोठं व्हायचं, फळायचं आणि बी दुसऱ्या पानावर पाठवायचं, एवढंच त्यांचं आयुष्य.

पण काका, मी पान पाहून जरा चक्रावले आहे. ही जात मी आजवर घाटातल्या बारमाही हिरव्या जंगलात पाहिली, आणि दक्षिणेकडे कूर्गच्या रानात. जिथे भर दुपारी अंधार आणि हवा ओली असते तिथे. समुद्राकाठच्या वाडीत ती असेल असं कोणी धरलेलंच नाही. मी आमच्या सरांना दाखवलं. ते दोनदा चष्मा पुसून आले.

मला आणखी पानं हवी आहेत. कोवळी, मधली आणि जून, अशी वेगवेगळी दाबा. आणि एवढं कळवा: झाडावर ऊन किती येतं? पाणी किती वेळ असतं? सुपारीवर मोरचूद-चुना शेवटचा कधी मारला? वरून मारलेलं औषध खाली जायफळावर गळतं आणि मोरचुदाने हे जीव सगळ्यात आधी मरतात. म्हणून विचारते.

आईचे गुडघे तसेच आहेत. तेल खरंच देवाजवळ आहे. खोकला गेला. मनवाला एक दात आला, तो वाकडा आहे. माझा नंबर वाढला.

तुम्ही सगळ्यांचं विचारलंत, स्वतःचं काहीच लिहिलं नाहीत.

तुमची,
सुचिता

*

चौल,
२ मार्च २०२५

चि. सुचिता,

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. दगडफुलाचा भाऊ आपल्या दारात येऊन राहिला आणि मी त्याला रोगी ठरवत होतो. सदूला सांगितलं तर म्हणतो, “मंग मटनात घाला की.”

पानं पाठवतोय. कोवळी, मधली, जून, तिन्ही वेगळ्या कागदात. दाबायला तुझ्या मावशीच्या शिवणाच्या मशीनचं झाकण ठेवलं होतं, चांगलं जड आहे.

तू विचारलंस त्याची उत्तरं. ऊन विहिरीजवळ फारसं येत नाही. पानं बघायला मी दुपारीसुद्धा बॅटरी घेऊन जातो. खाली पडलेल्या सुपाऱ्यांना कोंब येऊन पिल्लं उभी राहिलीत, त्यांतून वाट काढावी लागते. मिरीचा वेल सुपारी सोडून जायफळावर गेलाय आणि झावळ्या लोंबतात त्या तशाच. पाणी भरपूर. पंप लावतो आणि कधीकधी बंद करायचं राहतं. मागल्या आठवड्यात सदू कुंपणावरून ओरडत आला. मला ऐकू नाही आलं, म्हणून हात धरून विहिरीवर घेऊन गेला. म्हणाला, “काका, ही वाडी हाय का खाडी? होडी आनू का?” मी म्हटलं, आण.

मोरचूद वेळच्या वेळी मारतो.

आता सकाळी चहा झाला की मी पाहुण्यांकडे जातो. पाहुणेच म्हणतो मी त्यांना. काही मागत नाहीत, बोलत नाहीत, चहा नको, पान-सुपारी नको. आपण जाऊन समोर उभं राहावं. तेही आहेत, आपणही आहोत. असा तासभर जातो. मग घरात येतो.

स्वतःचं काय लिहू? जेवतो. झोपही लागते. भजनाला जात नाही, कारण टाळ ऐकू येत नाहीत आणि नुसते हात हलताना दिसतात. मनवाचा वाकडा दात आपोआप सरळ होतो, काळजी करू नको. साहिलचा झाला होता.

पत्र टाक.

चांगदेवकाका

*

पुणे,
१६ एप्रिल २०२५

प्रिय काका,

लिहायला उशीर केला. लिहू की नको, यात महिना गेला.

पानं उत्तम दाबली होती. मशीनच्या झाकणाचं सरांना सांगितलं, ते म्हणाले, आमच्याकडच्या दाबयंत्राहून बरं. जात तीच आहे. किनाऱ्यावर याआधी कोणी पाहिल्याची नोंद मला सापडली नाही. माझं चार वर्षांचं अडलेलं काम या पानांवरून पुढे सरकू शकतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. जून पानांवरच्या चकत्या एकमेकींना भिडल्या आहेत आणि भरून फळल्या आहेत. त्या पानांनी दोन पावसाळे मोरचुदाचा थेंब पाहिलेला नाही, निदान दोन. तुम्ही लिहिलंत वेळच्या वेळी मारतो. पान तसं म्हणत नाही, काका.

आणि तुम्ही बाकी जे लिहिलंत, बॅटरी, सुपारीची पिल्लं, लोंबत्या झावळ्या, न थांबणारा पंप, ते मी आधी संशोधन म्हणून वाचलं. अंधार, ओल, शांतता, सगळं जंगलासारखं जुळत होतं. मला आनंद झाला होता. रात्री मनवाचा डबा घासताना एकदम लक्षात आलं की मी मावशीच्या वाडीबद्दल वाचतेय. त्या वाडीत वाळलेली झावळी संध्याकाळपर्यंत राहत नव्हती.

फवारणी नाही म्हणजे सुपारीला गळ लागली असणार. मागच्या दोन्ही पावसाळ्यांत लागली असणार. यंदाही नाही मारलं तर नुसती फळं जाणार नाहीत. रोग शेंड्यात उतरला की झाड उभं मरतं, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं. साहिलदादाला यातलं माहीत आहे का?

सर म्हणतात, काकांना विनंती कर, वाडी एक पावसाळा अशीच राहू द्या, आपल्याला या जातीचं पूर्ण चक्र बघायला मिळेल. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहिते.

मावशी गेली त्या वेळी मी आले नाही. कूर्गच्या रानात होते, चौथ्या दिवशी कळलं. त्यानंतर कधीही यायला हवं होतं. कसं यायचं ते सुचलं नाही.

खरं ते कळवा.

सुचिता

*

चौल,
२९ एप्रिल २०२५

चि. सुचिता,

तुझ्या मावशीला मी एकदा म्हटलं होतं, ही पोरगी फार खोल बघते, हिला घरात घेताना जपून. ती हसली होती.

दोन पावसाळे झाले. बरोबर आहे तुझं.

त्या वर्षी मे महिन्यात सगळी तयारी होती. मोरचूद आदल्या संध्याकाळी पिंपात भिजत घातला होता. चुना वेगळ्या पिंपात. सदूला सकाळी लवकर बोलावलं होतं. तुला ठाऊक आहे, आमच्यात दोन्ही एकत्र ओतायचं काम माझं आणि बघायचं काम तिचं. कोयत्याचं पातं त्या पाण्यात बुडवून धरायची. पात्यावर लाली आली तर चुना कमी, अजून घाल. पातं स्वच्छ निघालं की ती मान हलवायची, मग सदू नळी घेऊन वर. चाळीस वर्षं असंच. मला स्वतःला कधी बघावं लागलं नाही.

त्या सकाळी ती म्हणाली, छातीत जड वाटतंय, जरा बसते ओट्यावर. मी म्हटलं, बस, तोवर मी पंपाचं बघतो. परत आलो तर ती बसलेलीच होती.

पिंप तसंच राहिलं. त्यात पावसाचं पाणी पडलं आणि निळं पाणी बाहेर वाहून गेलं. पुढच्या वर्षी मोरचूद विकत आणला, पडवीत ठेवला. सदू रोज विचारायला यायचा, “काका, कदी मारायचा?” मी म्हणायचो, बघू. मग पाऊस लागला. मग विचारायचं थांबला. श्रावणात सुपारी गळते ती मला ऐकू येत नाही. पायाखाली लागते तेवढंच. मऊ लागते. त्या वेळी काही वाटलं का, असं विचारशील तर नाही वाटलं. आजही नाही वाटत. विहिरीत बादली सोडावी आणि दोरच संपावा, तसं आहे.

साहिलला माहीत नाही. तो दिवाळीला ओट्यापर्यंत येतो. वाडीत शिरायला त्याला वेळ नसतो आणि मी नेतही नाही.

आता माझं ऐक. तुझ्या सरांना सांग, वाडी ठेवा अशीच. एक पावसाळा काय, हवे तेवढे ठेवा. मी कोणाला हात लावू देणार नाही. सुपारी खाऊन कोणाचं भलं झालंय? ती वाडी कोणाच्या तरी उपयोगी पडतेय, तुझं अडलेलं काम पुढे जातंय, पाहुणे सुखात आहेत. तुझ्या मावशीलासुद्धा हेच आवडलं असतं. मला तर हायसं वाटलं तुझं पत्र वाचून. मी काही करत नव्हतो ते चुकीचं वाटत होतं, आता त्याला कारण मिळालं.

सदूला निरोप दिलाय, यंदाही येऊ नको.

तुझ्या आईला हे पत्र दाखवू नको. मनवाला पापा.

काका

*

पुणे,
४ मे २०२५

काका,

पत्र आईला दाखवलं. तुम्ही नको लिहिलं होतंत तरी दाखवलं. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, बॅग भर.

मला तुमची वाडी नको. सरांना तसं स्पष्ट सांगितलं आहे. ते नाराज झाले, होऊ देत. मावशीला काय आवडलं असतं ते तुम्ही माझ्या कामाच्या आडून ठरवू नका. तिला ही वाडी मेलेली आवडली नसती, एवढं मलाही कळतं. तिथे मी शोध लावून पेपर लिहिला तर त्यावर माझं नाव असेल आणि खाली उभी मेलेली झाडं असतील. असा पेपर मला लिहिता येणार नाही.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते पान गळायच्या आत आपलं काम उरकतात. थांबून राहत नाहीत. तुम्ही त्यांच्यासमोर तासभर उभे राहता, पण ते तुमच्यासारखे नाहीत.

मी शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन येतेय. मला लागतील तेवढी पानं रविवारी उजाडताच काढून घेईन. मग फवारणी. सदूला फोन केला. तो म्हणाला, “ताई, काका न्हाय म्हनलेत.” मी म्हटलं, मी हो म्हणतेय. तो म्हणाला, “मंग दोघांतलं कोन मोठं ते ठरवा, मी नळी धुवून ठेवतो.”

मोरचूद भिजत घालून ठेवा. नाही घातलात तर मी घालीन, आणि मला प्रमाण येत नाही. शेंडे करपले तर मला बोलू नका.

उत्तर लिहू नका, आम्ही निघालोच आहोत.

सुचिता

*

चौल,
१७ ऑगस्ट २०२५

चि. सुचिता हिला आशीर्वाद.

तुम्ही जाऊन तीन महिने झाले आणि मी आज लिहितोय. रागावू नको. लिहायला बसलो की तो रविवार पहिल्यापासून लिहावासा वाटायचा, आणि तू तर तिथेच होतीस. तरी लिहितो. माझ्या बाजूने तो कसा होता ते तुला ठाऊक नाही.

मी मोरचूद भिजत घातला होता, तो तुझ्या धमकीला घाबरून. तू पिंपाशी कोयता घेऊन उभी राहिलीस, तेव्हा मला वाटलं होतं की आता आपल्याच्याने इथे उभं राहवणार नाही. उभं राहवलं. पातं लाल निघालं. चुना घातला. परत लाल निघालं. आणखी घातला, तरी लालच. तू माझ्याकडे बघत होतीस, मी पात्याकडे. मग तुझी आई ओट्यावरून उठून समोर आली आणि म्हणाली, “भावोजी, चुना कधीचा आहे?” तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोत्यातला चुना दोन वर्षांचा, हवेने मेलेला. मेलेल्या चुन्याने मोरचुदाची आग कशी जाणार? सदू सायकल काढून रेवदंड्याला पळाला, तो ताजा चुना घेऊन दुपारी आला.

तो येऊन टेकतोय तोच तुझी आई म्हणाली, “ताई असती तर एव्हाना निम्मी वाडी झाली असती.” सदू घाम पुसत म्हणाला, “मंग काकी, तुमी चढा वर, मी वटीवर बसतो.” तुझी आई हसली. तूही हसलीस. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही.

मग पातं स्वच्छ निघालं. मान कोणी हलवायची हा प्रश्न होता. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्या आईकडे, तिने पदराने डोळे पुसले. वरून सदू ओरडला. मला ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं. वेळ जात होता, चुना खाली बसत होता. मी पंपाचं बटण दाबलं. एवढंच. मला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी होईल. रडू येईल, नाहीतर हलकं वाटेल. काही झालं नाही. हात निळे झाले, ते साबणाने धुतले.

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला हे तू वाचलं असशील. तुम्ही चार-आठ दिवस उशिरा आला असता तर यंदाही राहिलंच असतं. जुलैत उघडीप मिळाली, तेव्हा दुसरी फवारणी केली. या वेळी पातं मीच धरलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. एकाच वेळी ओतणं आणि बघणं अवघड जातं. सदूने ओतलं.

साहिलला फोनवर सांगितलं नाही. पत्र लिहिलं, त्याला आयुष्यातलं पहिलं. तो सुट्टी काढून आला. वाडीत गेला, बराच वेळ फिरला. विहिरीजवळच्या ओळीतली सुपारीची चार झाडं शेंड्यातून गेलीत, ती त्याने आणि सदूने तोडली. बाकीची वाचली. साहिल मला म्हणाला, “बाबा, सांगायचं होतं.” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “मी विचारायचं होतं.” आता तो महिन्यातून एकदा येतो. सोनलने त्याला घेऊन दिलेले नवे बूट चिखलाने गेले, म्हणून ती चिडलीय. चिडू दे.

जायफळावरचे पाहुणे गेले. आधी कडा उचलल्या, मग पावसाने धुऊन नेले. तू सकाळी काढून नेलीस तेवढीच पानं उरली. तुझ्या सरांना काय सांगितलंस आणि तुझ्या कामाचं काय झालं, ते तू कळवलं नाहीस. तुझं नुकसान झालं असेल तर ते माझ्या वाडीपायी झालं. ते माझ्या मनात आहे.

निघताना गाडीत बसल्यावर तू काच खाली करून विचारलं होतंस, “काका, आता बरं वाटतं का?” मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. ऐकू आलं नव्हतं हे खरं, पण ओठांवरून कळलं होतं. उत्तर आज देतो. बरं वाटत नाही. वाईटही वाटत नाही. पूर्वी जशी भूक लागायची तशी लागत नाही, पण वेळ झाली की जेवतो. तुझी मावशी स्वप्नातसुद्धा येत नाही, बहुतेक तिला सवड नसेल.

पण श्रावण सरत आला. गळ लागायची असती तर एव्हाना लागली असती. मी रोज सकाळी वाडीत एक फेरी मारतो, अनवाणी, म्हणजे काही पडलं असेल तर पायाला कळेल. काल गेलो, आज गेलो. पायाला माती लागली. मग मान वर करून बघितलं. घड हिरवे, भरलेले, जिथल्या तिथे. मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो, शेवटी मानेला रग लागली. ती अजून दुखते आहे.

तुझ्या आईच्या गुडघ्यांचं, जावईबापूंचं, मनवाचं सगळं लिही, पण त्याआधी तुझं लिही. लवकर लिही. पोस्टमन आला की हल्ली मी फाटकापर्यंत जातो.

तुझा,
चांगदेवकाका